ढोबळे मास्तरांचं इंग्रजी

आडनाव माणसाला किती चुकीचं चिकटू शकतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं रोहण्याच्या ढोबळे मास्तरांना बघायला हवं होतं. उभ्या जन्मात या गृहस्थानं एक गोष्ट ढोबळ केली नाही. किती वाजले विचारलं तर दहा वाजले असं कधी सांगायचे नाहीत. "दहाले चार कमी आहे, पण शाळेची घडी दोन मिनिटं मांगं चालते," असं सांगायचे, आणि विचारणारा ते हिशेब करत उभा राहायचा. बाजारात भाजीवाली "ताजी हाये जी" म्हणाली की हे विचारणार, तोडली कधी, काल सांजच्याला का आज सकाळी? सकाळी म्हटलं तर दव पडायच्या आधी का नंतर? त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "यायच्या संगं बजारात जाण्यापरीस वरणभात खाल्लेला बरा."

मी मूळचा नाचणगावचा. रोहण्याच्या मिडल स्कूलमध्ये भूगोल शिकवायला लागलो तेव्हा मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि आमची राजधानी अजून नागपूर होती. मास्तर तिथे इंग्रजी शिकवत. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. काळी टोपी, गुडघ्यापर्यंत येणारा जाड कोट, उन्हाळ्यातही. कोटाच्या डाव्या खिशात खडू, उजव्या खिशात संत्रं. मोसम नसला तर नुसती सालं, वासाकरता.

त्यांच्याकडे एक जाडजूड डिक्शनरी होती. तिची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ली होती. त्यामुळे 'ए'वरून सुरू होणारा शब्द कोणी विचारला की म्हणायचे, "हा वाळवीले इचारा, तिचा अभ्यास झाला आहे." पण हे थट्टेपुरतं. येत्या रविवारी मास्तर आर्वीला जाऊन एका वकिलाच्या घरचा मोठा कोश बघून यायचे आणि सोमवारी प्रार्थना संपल्यावर त्या माणसाला गाठून अर्थ सांगायचे. विचारणारा बहुधा विसरलेला असायचा. एकदा न्हाव्याचा वस्तरा गालावर असताना त्यांनी "वस्तरा या शब्दाचं मूळ काय असन गा?" असं विचारलं होतं आणि न्हावी विचारात पडल्यामुळे अर्धी दाढी तशीच राहिली होती. मास्तर तसेच शाळेत आले. आम्ही हसलो तर म्हणाले, "दाढी संध्याकाळी होईन. शब्द हातचा गेला तं कोठी सापडते?"

येत नसेल ते येत नाही म्हणायला त्यांना कधी लाज वाटली नाही. येतं ते मात्र पुरतं येत असे. शिकवताना ते खिशातलं संत्रं काढायचे. "शब्द आधी सोलाचा, मंग फोडी कराच्या, मंग खाचा. सालीसकट खाल्ला तं पोट दुखते." मग फळ्यावर एखादा लांबलचक इंग्रजी शब्द लिहायचे, त्याच्या फोडी करायचे, आणि शेवटी संत्र्याच्या फोडी वर्गात वाटायचे. संत्र्याला फोडी दहा-बारा आणि पोरं चाळीस. मग प्रत्येक फोडीचे पुन्हा तुकडे. वर्गभर चिकट हात आणि इंग्रजी. त्यांच्याकडे शिकलेल्या मुलांना इंग्रजी बोलता आलं नाही, कोणालाच नाही, पण शब्द बघितला की तो उघडून बघायची खोड लागली. मला तर ती या वयातही आहे.

रविवारी आर्वीला जायचं नसलं की मास्तर टोल्यावर जात. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी गोंडांची दहा-बारा घरं होती, त्याला सगळे टोला म्हणत. माणसं जंगलात कूपाच्या, म्हणजे लाकडाकरता आखून दिलेल्या तुकड्याच्या, तोडीवर जायची, उरलेल्या दिवसांत गावात मजुरी. चैतू उईके हा त्यांच्यातला कर्ता माणूस. चाळिशीचा, कमी बोलणारा. घरात ते आपली भाषा बोलत आणि मास्तर वहीत तिचे शब्द टिपून घेत. चैतू म्हणायचा, "गुर्जी, आमचे शब्द नेऊन तुमी करता काय? इकता का?"

एका रविवारी मीही सोबत होतो. नाल्यातले मासे धरून आणले होते. चैतूनं पळसाच्या पानांवर त्यांचे वाटे घातले. जितक्या चुली तितकी पानं. एक घर कूपावर गेलं होतं, त्याचंही पान मांडलेलं. मोठे मासे, बारके मासे सारखे करत तो बराच वेळ बसला. मग सगळ्यांनी आपापलं पान उचललं आणि शेवटी राहिलं ते चैतूनं घेतलं. मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "जो वाटे घालते थो शेवटी घेते. मंग वाटे बराबर पडतात."

परत येताना मास्तर वाटेत चार वेळा थांबले. "वानखेडे, तुमाले सांगतो, रोमच्या लोकायचा शब्द आज मी टोल्यावर जिता पाह्यला." मग सांगायला लागले. लॅटिनमध्ये टोळीला, जमातीला म्हणे 'ट्रिबुस' म्हणायचे. एकेका जमातीला तिचा हिस्सा नेमून देणं, ते 'ट्रिब्युएरे'. त्यातूनच पुढचं सगळं घराणं निघालं. "ट्रिब्यूट म्हंजे खालच्यानं वरच्याले देल्लेला नजराणा. कॉन्ट्रिब्यूट म्हंजे सगळ्यायनं मिळून टाकलेली वर्गणी. अन डिस्ट्रिब्यूट म्हंजे हे. पानापानावर येगयेगळं करून देणं. तिघं सख्खे भाऊ आहेत, पण सभाव पाहा कसे येगळे." इतका आनंदी माणूस मी त्या गावात दुसरा पाहिला नाही. त्याच शब्दानं पुढे त्यांचा घात केला, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतो आहे.

त्या सुमारास आमच्या भागात जमिनी दान मागत पदयात्रा फिरत होत्या. रोहण्याला आली तेव्हा बापूसाहेबांनी भरसभेत उठून जमीन दिली. बापूसाहेब म्हणजे गावचे जुने मालगुजार आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. सभेत टाळ्या पडल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. पण दिली ती नाल्यापलीकडची बरड, जिथे गवतही विचार करून उगवतं. टेकडीखालचा काळा पट्टा त्यांनी ठेवला. तो पट्टा चैतूच्या आज्याच्या वेळी टोल्याची माणसं वाहत होती आणि मग कधीतरी, कोणत्या तरी वर्षी, तो मालगुजारीत गेला. कसा गेला ते टोल्यावर सगळ्यांना तोंडपाठ होतं. कागदावर कुठेच नव्हतं.

काही महिन्यांनी वरून एक टाइप केलेला इंग्रजी कागद आला. दानातल्या जमिनी बेजमिनी लोकांना कशा द्यायच्या त्याच्या सूचना. पटवाऱ्याला तो लागेना, म्हणून बाजाराच्या दिवशी चावडीपुढे मास्तरांनी वाचून सांगावा असं ठरलं. बापूसाहेब खुर्चीवर, गाव खाली, टोल्याची माणसं मागे लिंबाखाली उभी. मी मास्तरांच्या शेजारी होतो. त्यांनी नीट, वाक्यावाक्यानं सांगितलं. अगदी शेवटी एक ओळ होती, की ही सर्व योजना 'रिडिस्ट्रिब्युटिव्ह' स्वरूपाची आहे. ती ओळ गाळली असती तर कोणाचं काही अडलं नसतं. दुसरा कोणीही गाळता. मास्तरांनी टोपी सारखी केली, आणि मला कळलं की आता हा माणूस संत्रं सोलणार.

"हा शब्द जमातीवरून आला आहे," ते म्हणाले. मागे लिंबाखाली हालचाल झाली. "जमातीजमातीले तिचा हिस्सा देणं, हे मूळ. 'डिस' म्हंजे येगयेगळं करून. 'री' म्हंजे परत. शेवटचं 'इव्ह', म्हंजे तसा ज्याचा सभाव आहे ते. तं सगळं मिळून, परत वाटून देणारी योजना."

चैतू पुढे आला. सभेत तो कधी बोलला नव्हता. "परत म्हंजे वापस न, गुर्जी?"

तिथे मास्तरांनी फक्त "नाही, पुन्हा" म्हणायचं होतं. कागदात तोच अर्थ होता. मलाही तो माहीत होता आणि मी शेजारी उभा होतो. पण मास्तर विचारात पडले. बापूसाहेबांकडे नाही, गावाकडे नाही, त्या शब्दाकडे बघत असल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "तुहं बरोबर आहे चैतू. 'री' म्हंजे पुन्हाही होते अन वापसही होते. दोन्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्याची सगळी माणसं टेकडीखालच्या पट्ट्यात उतरली. त्या आठवड्यात कूपाची तोड सुरू होणार होती, तिकडे एकही माणूस गेला नाही. बायकांनी धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, दगड वेचले, पुरुषांनी बोरी-बाभळी तोडल्या, बापूसाहेबांचं काटेरी कुंपण उचलून बाजूला ठेवलं. चोरून काही नव्हतं. वरून कागद आला, गुर्जींनी वाचला, जमातीची जमीन वापस होणार. यात लपवायचं काय? मास्तरांना ही बातमी मधल्या सुट्टीत लागली. ते तसेच खडू घेऊन धावत गेले. चैतूला म्हणाले, "अरे, कागदात पुन्हा आहे. तुमाले नाल्यापलीकडची भेटन, तीही मोजणी झाल्यावर." चैतूनं कुऱ्हाड खाली ठेवली नाही. "तुमीच तं सांगतलं दोन्ही म्हनून. आमी त्यातला एक घेतला."

तिसऱ्या दिवशी आर्वीहून शिपाई आले आणि चैतूसकट पाच जणांना घेऊन गेले. कुंपण मोडलं, झाडं तोडली, दुसऱ्याच्या जमिनीत घुसले.

मास्तरांनी त्या दिवशी शिकवलं नाही. वर्गात खुर्चीवर बसून राहिले. संध्याकाळी आम्ही दोघं बापूसाहेबांकडे गेलो. बापूसाहेबांनी चहा मागवला. आवाज चढवला नाही. "मास्तर, मले त्या लोकायशी वैर नाई. उद्या तक्रार वापस घेतो. पण आज या पट्ट्यावर आले, उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या पट्ट्यावर जातीन. सांगतीन का रोहण्याच्या मास्तरनं कागदातून वाचून दाखवलं. म्हणून तुमी एवढं लिहून द्या, का तुमचं चुकलं."

"चुकलंच माह्यं," मास्तर म्हणाले. "कागदातला अर्थ एकच व्हता अन मी दोन सांगतले. असं लिहून देतो."

"असं नाई. दोन अर्थ आहेत असं तुमीच लिहून देल्लं, तं मंग राह्यलं काय?" बापूसाहेबांनी कारकुनाला बोलावलं आणि मजकूर सांगितला. मला इंग्रजी भाषा येत नाही. चावडीवर सांगितलेला शब्दाचा अर्थ निव्वळ माझ्या अज्ञानातून सांगितला. तसा अर्थ त्या शब्दाला नाही.

मास्तर उठले आणि चहा न घेता निघाले. वाटेत मला म्हणाले, "माह्या हातून जे झालं त्याची शिक्षा मी भोगतो, वानखेडे. पण त्या शब्दाले तो अर्थ आहे. हे खोटं कसं लिहू?" एरवी हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती, कागदावरच्या चार ओळी. पण या माणसाकडे दुसरं होतं काय? जमीन नव्हती, मूलबाळ नव्हतं. गावात अब्रू होती ती एवढीच, की ढोबळे मास्तर सांगतील तो अर्थ खरा.

दोन दिवस त्यांनी मजकूर बदलून बदलून लिहिला. माझ्या बोलण्यातून गैरसमज झाला. माझं इंग्रजी कच्चं आहे. माझा अभ्यास कमी पडला. प्रत्येक कागद मी नेऊन दिला आणि प्रत्येक कागद कारकुनानं परत केला. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी बसलो असताना वहिनी आतून आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "चैतूच्या बायकोनं तीन दिवस झाले, चूल पेटवली नाई. लेकरं शेजारी जेवून राह्यले. तिनं काई मांगतलं नाई, फक्त इचारलं, गुर्जी लिवून काऊन नाई देऊन राह्यले म्हणून. तिले मी काय सांगू, तुमीच सांगा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. त्या क्षणाची मला आजही शरम वाटते, कारण मी म्हणू शकलो असतो की चला, आपण दोघं आर्वीला जाऊन तहसीलदारांसमोर उभे राहू, मीही तिथे होतो, मीही ऐकलं. माझी नोकरी दीड वर्षाची होती.

दुपारी आम्ही गेलो. कारकुनानं कागद पुढे केला. मास्तरांनी तो वाचला, पुन्हा वाचला. मग टाक उचलला, आणि आम्हाला वाटलं सही करतायत, तर त्यांनी आधी 'इंग्रजि' मधली वेलांटी दीर्घ केली. 'अज्ञाना'वरचा चुकीचा अनुस्वार खोडला. मग सही केली. मला इंग्रजी येत नाही, या वाक्याखाली, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात.

संध्याकाळच्या मोटारीनं पाचही जण परतले. चैतू घरी न जाता आधी मास्तरांकडे आला. मला वाटलं पायावर डोकं ठेवेल. तो ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"तुमी लिवून देल्लं का थो अर्थ खोटा व्हता?"

"हो."

"काऊन?"

"तुमाले सोडवासाठी, बाप्पा."

"आमी सुटलो असतो, गुर्जी. महिना लागला असता, दोन लागले असते." तो रागावून बोलत नव्हता. समजावून सांगत होता, मास्तरांचीच पद्धत. "आता कोनी बी, कधी बी इचारलं का जमीन वापस काऊन नाई देत, तं हा कागद दाखवतीन. आमच्या पोरायले बी दाखवतीन."

मास्तरांनी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही. चैतूचं खरं होतं, वहिनींचंही खरं होतं, आणि या दोन्हीत मास्तर सापडले. पुढच्या हंगामात टोल्यातली अर्धी घरं कूपाच्या ठेकेदारामागे मेळघाटाकडे निघून गेली. चैतूचंही गेलं. नाल्यापलीकडची बरड मोजायला कोणी आलं होतं की नाही ते मला ठाऊक नाही. काळ्या पट्ट्यात बापूसाहेबांनी संत्र्याची कलमं लावली.

कमिटीनं मास्तरांना काढलं नाही, गावात बोभाटा झाला असता आणि तो कमिटीला परवडला नसता. फक्त ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं इंग्रजी कसं शिकवावं, असा रीतसर ठराव झाला. मास्तरांना पहिलीला बाराखडी दिली आणि इंग्रजीचे वर्ग मला. मी नाही म्हणालो नाही. मास्तर माझ्या वर्गावरून जाताना कधी थबकले नाहीत. अडलेला शब्द घेऊन मी एकदाच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघून सांगितलं, "वानखेडे, मले इंग्रजी येत नाई." मला वाटलं, टोमणा आहे. नंतर लक्षात आलं, त्यांनी लिहून दिलं होतं, आणि लिहून दिलेल्या शब्दाशी हा माणूस खोटं वागूच शकत नव्हता. खोटं लिहिलं होतं, ते आता जन्मभर खरं करून दाखवत होता. डिक्शनरी त्यांनी शाळेला दिली. ती मी वापरली.

त्यानंतर दोन वर्षांनी मी पुलगावच्या शाळेत लागलो. तोवर आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आर्वीच्या मोटार अड्ड्यावर. मी गाडीतून उतरत होतो, ते बाकावर बसले होते, तोच कोट. त्यांच्यापुढे एक म्हातारी बाई हातात तार घेऊन उभी होती. पोस्टातून घेऊन तशीच आली असावी. तिला वाचून दाखवायला कोणी तरी शिकलेला दिसणारा माणूस हवा होता, आणि काळ्या टोपीचे तेच दिसले.

"वाचून सांगा न जी. लेकाची हाये. तिकडं लढाईवाल्यायत हाये थो."

मास्तरांनी तार हातात घेतली. मी पाच पावलांवर होतो. त्यांचे डोळे ओळीवरून गेले, एकदाच, आणि ओठ किंचित हलले. मग त्यांनी कागदाची घडी नीट घातली आणि तिच्या हातात दिली.

"मले इंग्रजी येत नाई, माय," ते म्हणाले. बाईचा चेहरा पडला. ते उठून उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण तू घाबरू नको. बातमी चांगली आहे."

त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. ते रोहण्याच्या मोटारीकडे चालू लागले. बाईनं ती तार मग माझ्यापुढे धरली. मी वाचली. मुलगा सुखरूप होता, पुढच्या आठवड्यात घरी येत होता.